झोपलेल्या कुत्र्याचीही नोंद करा: प्राण्यांचं वर्तन टिपायला शिकताना

माझी निरीक्षणाची पहिली वही अजून कपाटात आहे. एम.ए.ला असताना कोल्हापुरात रंकाळा तलावावर दोन तास बसून भटक्या कुत्र्यांवर लिहिलेली तीन पानं. परवा पुन्हा वाचली तर वाटलं, रंकाळ्यावरची कुत्री दिवसभर भांडणाशिवाय दुसरं काही करत नसावीत. प्रत्यक्षात त्या दोन तासांत भांडणं झाली दोन, तीही मिनिट-मिनिटभराची. उरलेला सगळा वेळ सात-आठ कुत्री कट्ट्याच्या सावलीत आडवी पडून होती. पण आडवं पडलेलं कुत्रं कोण लिहून ठेवतं? भांडण लागलं की माझं पेन धावायचं, मिटलं की मी भेळेच्या गाड्याकडे.

मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी प्राण्यांचं वर्तन घ्यायचं म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर पिंजरा, पांढरा उंदीर आणि स्किनरची पेटी (कळ दाबली की खाऊ देणारी प्रयोगाची पेटी) येते. त्यातलं काहीही नसताना, घड्याळ, पेन्सिल आणि थोडी शिस्त एवढ्यावर चांगलं काम होतं. शिस्त कसली, तर डोळ्याला आवडेल ते न लिहिता आधी ठरवलेलं लिहायची. पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

आधी प्रश्न, मग प्राणी

"सर, कुत्र्यांवर काहीतरी करायचंय," असं म्हणत पोरं येतात. 'काहीतरी'वर प्रकल्प होत नाही. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये वर्तनाबद्दल विचारायच्या प्रश्नांची चार खात्यांत वाटणी करून दिली. हे वर्तन आत्ता कशामुळे घडतंय? त्या प्राण्याच्या वाढीत ते कसं येत गेलं? जगायला-तगायला त्याचा उपयोग काय? आणि पूर्वजांपासून ते कसं उत्क्रांत झालं? तुमच्या हातात जेमतेम तीन-चार आठवडे असतात. पहिल्या खात्याबाहेर पडू नका, बाकीची वर्षानुवर्षं मागतात.

प्रश्न असा हवा की उत्तर मोजता येईल. गंगावेशीत दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. तिथं 'म्हशींच्या भावना' हा विषय घेऊन जाऊ नका. असं विचारा: भोवती माणसं जास्त असली की पान्हा सुटायला जास्त वेळ लागतो का? मग मोजायच्या गोष्टी दोनच. कासेला पहिला हात लागल्यापासून पहिली धार भांड्यात पडेपर्यंतचे सेकंद, आणि त्या वेळी म्हशीपासून चार पावलांच्या आत उभी असलेली माणसं. मोबाईलवरचं स्टॉपवॉच पुरतं.

इथंच आपली मराठी आपल्याला गोत्यात आणते. म्हैस दूध देईना की आपण काय म्हणतो? "पान्हा चोरला." चोरला! एका शब्दात म्हशीच्या मनात हेतू आला, लबाडी आली. गवळीमामा तसं म्हणोत. त्यांची हयात म्हशींबरोबर गेलेली असते, त्यांच्या बोलण्यातून चांगले प्रश्न सुचतात, जरूर ऐका. तुमच्या वहीत मात्र 'चाळीस सेकंद धार नाही, मागचा डावा पाय दोनदा उचलला, शेपटी हलती' एवढंच. मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्येच सांगून ठेवलंय की साध्या मानसिक प्रक्रियेने वर्तनाचा उलगडा होत असेल तर वरच्या पायरीची प्रक्रिया गृहीत धरायची नाही. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि जनावर बिथरलेलं असलं की ते स्रवायला अडतं. चोरीचा आळ घ्यायची गरजच पडत नाही.

दोन दिवस नुसतं बसा

पहिले दोन दिवस आकडे गोळा करायचे नाहीत. कोण कोण आहे ते ओळखायचं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, ती कुठल्या कानाला आहे ते बघा. पायाचा रंग, शेपटीचा बाक, जुनी जखम, सगळं एका पानावर चित्र काढून लिहा. चित्रकला वाईट असली तरी चालेल, माझी कुत्री शेळीसारखी दिसायची.

नाव द्यायचं की नंबर, यावर जुना वाद आहे. जेन गुडॉल यांनी १९६० पासून टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात चिंपांझींना नावं दिली तेव्हा हे शास्त्रीय नाही म्हणून टीका झाली होती. नावाला आज कुणी हरकत घेत नाही. फक्त नाव अंगावरच्या खुणेवरून द्या: 'मोजेवाला', 'तुटकं शेपूट'. एखाद्याला 'गुंड्या' म्हणायला लागलात की त्याचं साधं बघणंही तुम्हाला डोळे वटारणं वाटायला लागतं.

प्राण्यांना तुमची सवय होणंही याच दोन दिवसांत साधायचं. रोज तीच वेळ, तीच जागा, कमी हालचाल, आणि खायला काही द्यायचं नाही. हे शेवटचं मी शिकलो ते एका मित्रामुळे. बिचारी उपाशी असतील म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी बिस्किटांचे दोन पुडे आणले. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचायच्या आधीच कुत्री आमच्या जागेवर हजर, आणि सगळ्यांची नजर पिशवीवर. निरीक्षण चालू होतं, पण ते आमचं. आठवडा वाया गेला आणि जागा बदलावी लागली.

वर्तनसूची: इथं घाई नको

ज्याला इथोग्राम म्हणतात ती ही सूची. प्राणी जे जे करताना तुम्ही टिपणार आहात त्या प्रत्येक वर्तनाचं नाव, आणि परक्या माणसाला वाचून ओळखता येईल अशी व्याख्या. माझ्या मते अर्धा प्रकल्प इथंच तरतो किंवा बुडतो.

व्याख्या शरीराची असावी, मनाची नको. 'आक्रमक' ही व्याख्या होत नाही. 'ओठ वर ओढून दात दाखवणे, अंग ताठ, नजर दुसऱ्या कुत्र्यावर' ही होते. 'खेळकर' लिहायचं नाही. 'पुढचे पाय पसरून छाती जमिनीजवळ, मागचा भाग वर' लिहायचं; खेळाला बोलावण्याची ही खूण कुत्र्यांत ठरलेली आहे. 'झोप' हा शब्दसुद्धा सरळ नाही. डोकं टेकलेलं पण डोळे उघडे, हे काय धरायचं? आम्ही शेवटी असं ठरवलं: कुशीवर किंवा पोटावर, डोकं टेकलेलं, डोळे पाच सेकंद तरी मिटलेले, तर झोप. डोळे उघडे असले तर 'आडवं, जागं'.

आवाजांच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे: भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, कुईकुई करणे, हेल काढून रडणे. इंग्रजी पुस्तकातून व्याख्या उतरवण्याआधी हे शब्द वापरून बघा, कारण कान त्यांच्यावर आधीच तयार झालेला असतो. एक जपा: केकाटण्यात वेदना आणि रडण्यात दुःख आपण नकळत ऐकतो. तेव्हा प्रत्येकापुढे आवाज उंच की खोल, तुटक की लांबलेला, हेही लिहा.

दोन प्रकार वेगळे ठेवायचे. काही वर्तनं टिकतात: झोपणं, चालणं, बसणं. त्यांना अवस्था म्हणू, त्यांचा कालावधी मोजायचा. काही वर्तनं घडतात आणि संपतात: एक भुंक, एक चावा, अंग झाडणं. त्या घटना, त्या किती वेळा झाल्या ते मोजायचं. अवस्थांची यादी अशी करा की एका क्षणी एकच लागू पडेल आणि कोणताही क्षण उघडा पडणार नाही. त्यासाठी शेवटी 'इतर' आणि 'दिसत नाही' असे दोन रकाने हवेतच. कुत्रं हातगाडीखाली गेलं म्हणजे ते झोपलं असं होत नाही.

सूची दहा-बारा वर्तनांच्या पुढे नेऊ नका. एका मुलीने चाळीस वर्तनांची सूची आणली होती. सुंदर होती. पण घरात चावी हरवल्यासारखी ती प्रत्येक नोंदीला पानं चाळत बसायची, आणि तोवर कुत्रं निघून जायचं.

कोणाकडे बघायचं, केव्हा बघायचं

केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये या एका प्रश्नावर लेख लिहिला, आणि तेव्हापासून सगळे त्यांच्याच शब्दांत बोलतात. दिसेल ते, सुचेल तसं लिहिणं याला 'अॅड लिबिटम' म्हणतात. माझी ती पहिली वही हेच होतं. त्यात भडक, मोठ्या आवाजाचं, मोकळ्यावर घडणारं वर्तन फुगतं आणि शांत वर्तन नाहीसं होतं. पण ही पद्धत अगदीच टाकाऊ म्हणू नका, दुर्मीळ गोष्टी तिच्यातूनच हाती लागतात. आपल्याकडून बंगळूर महामार्गाने खाली गेलं की धारवाड. तिथल्या जंगलात युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांच्या टोळीत नव्या नराने पिल्लं मारल्याचं नोंदवलं. असली घटना दर पाच मिनिटांच्या वेळापत्रकात सापडेलच असं नाही. तेव्हा वहीच्या शेवटी चार पानं अशा टिपणांसाठी राखा, फक्त त्यांच्यावरून टक्केवारी काढू नका.

टक्केवारी हवी असेल तर स्कॅन. ठरलेल्या वेळी, समजा दर पाच मिनिटांनी, डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि प्रत्येक प्राणी त्या क्षणी काय करतोय ते एका अक्षरात टिपायचं. आठ कुत्री, दोन तास, २४ स्कॅन, म्हणजे १९२ नोंदी. समजा त्यातल्या १३० 'झोप' निघाल्या, तर सुमारे ६८ टक्के वेळ झोपेत. हे माझ्या पहिल्या वहीवरून दहा वर्षं बसलो असतो तरी सांगता आलं नसतं. मोबाईलला दर पाच मिनिटांनी थरथरणारा गजर लावा. गजर होताच जे दिसलं ते लिहायचं, दोन सेकंदांनी जे सुरू झालं ते नाही. मोह होतो. गजर वाजला तेव्हा लोळत असलेलं कुत्रं लगेच उठून कुणावर धावून गेलं, तर तिथं 'लोळणं'च लिहावं लागतं, आणि ते लिहिताना जिवावर येतं.

क्षणभराच्या घटनांसाठी मात्र स्कॅनचा उपयोग नाही. तिथं फोकल पद्धत. एकच प्राणी निवडायचा, समजा दहा मिनिटं, आणि त्याचं सगळं वेळेसकट लिहायचं. कोणता प्राणी, हे तिथं जाऊन ठरवायचं नाही, कारण तिथं गेल्यावर तुम्ही सगळ्यात चळवळ्या प्राणी निवडणार. घरीच चिठ्ठ्या टाका, क्रम लावा आणि तो पाळा. निवडलेलं कुत्रं नजरेआड गेलं तर 'दिसत नाही' लिहून दहा मिनिटं संपेपर्यंत थांबा. दुसऱ्यावर उडी मारायची नाही.

एखादंच वर्तन हवं असेल, उदाहरणार्थ विद्यापीठाच्या आवारातल्या मोरांचा पिसारा फुलवणं, तर सगळ्या टोळीवर नजर ठेवून ते वर्तन दिसलं की दर वेळी टिपायचं. मोकळं माळरान असेल तर हे जमतं, झाडीत नाही.

जुन्या अभ्यासांत आणखी एक पद्धत दिसेल: मिनिटाचे तुकडे करायचे आणि त्या मिनिटात वर्तन एकदा तरी झालं तर १, नाही तर ०. सोपी आहे म्हणून पोरं हिच्याकडे वळतात. हिशोब करून बघा. कुत्रं दर मिनिटाला दोन सेकंद खाजवत असेल तर प्रत्येक रकान्यात १ येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं ते अखंड खाजवतंय. मी ही पद्धत कुणालाच सुचवत नाही.

कागद आणि कॅमेरा

आडव्या ओळीत वेळ, उभ्या रकान्यांत प्राणी, चौकटीत वर्तनाचं एक अक्षर. माथ्यावर तारीख, जागा, ऊन-पाऊस, गर्दीचा अंदाज, निरीक्षकाचं नाव. पेन नको, पेन्सिल. जुलैतल्या रंकाळ्यावर शाईच्या नोंदींची पंचगंगा होते. सकाळ आणि संध्याकाळ यांचे तास सारखे ठेवा, नाही तर तुमची सगळी कुत्री फक्त सकाळची असतील.

व्हिडिओ घेता आला तर उत्तम. थांबवून, मागे नेऊन बघता येतो. नोंदी करायला बोरिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, इटलीतल्या तुरिन विद्यापीठातून आलेलं. त्यात वर्तनाला कळ नेमून द्यायची, व्हिडिओ चालू असताना ती दाबायची, वेळ आपोआप लिहिली जाते. पण कॅमेऱ्याची चौकट अरुंद असते हे विसरू नका. भांडण का लागलं, त्याचं कारण बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर उभं असतं. आणि चौकटीत फिरायला आलेली माणसं येत असतील तर त्यांचे चेहरे अहवालात जाऊ देऊ नका.

दुसरा डोळा

तुम्हाला जे 'गुरगुरणे' वाटतं ते मैत्रिणीलाही तसंच वाटतं का? दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या कागदात न डोकावता, त्याच कुत्र्यांच्या नोंदी करायच्या आणि ताळा करायचा. ताळा नुसत्या टक्क्यांत करू नका. उदाहरण घेऊ. शंभर नोंदींत दोघांनी 'झोप' लिहिली ८० वेळा, दोघांनी 'जागं' लिहिलं ८ वेळा, पाच वेळा फक्त तुम्ही 'झोप' म्हणालात, सात वेळा फक्त ती. जुळलं ८८ टक्के. झकास वाटतं. पण झोपच इतकी आहे की डोळे मिटून लिहिलं असतं तरी योगायोगाने जवळपास ७६ टक्के जुळलं असतं. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये हा योगायोग वजा करणारा निर्देशांक दिला, त्याचं नाव कप्पा. (नाव ऐकून एकजण कपाटाकडे बघायला लागला होता.) आपल्या उदाहरणात कप्पा येतो साधारण ०.५०, म्हणजे बेताचाच. मग व्याख्यांकडे परत जायचं. आमची भांडणं नेहमी 'आडवं, जागं'वरच व्हायची.

नंदीबैल आणि हान्स

दारात नंदीबैल यायचा. गुबूगुबू वाजायचं, मालक विचारायचा, "यंदा पाऊस पडंल का?" आणि बैल मान हलवायचा. लहानपणी आम्हाला तो सर्वज्ञ वाटे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांच्या हान्स घोड्याची गोष्ट अशीच. तो खुराने टापा देऊन गणितं सोडवतो म्हणून १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. फरक इतकाच की नंदीबैलवाल्याला इशारा ठाऊक असतो, फॉन ओस्टेन यांना तो ठाऊकच नव्हता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने तपासलं तेव्हा दिसलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकतो. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर होई आणि घोडा थांबे.

ही चूक फक्त प्राण्याकडून होते असं नाही. रोझेन्थाल आणि फोड यांनी १९६३ मध्ये विद्यार्थ्यांना उंदीर वाटले, काहींना सांगितलं हे हुशार वाणाचे, काहींना सांगितलं मठ्ठ. उंदीर सारखेच होते. 'हुशार' उंदरांनी चक्रव्यूहात सरस कामगिरी केल्याच्या नोंदी आल्या. म्हणून शक्य तिथं नोंद करणाऱ्याला तुमचा अंदाज कळू देऊ नका. गर्दीने पान्हा लांबतो असं तुम्हाला वाटत असेल तर व्हिडिओतला गर्दीचा भाग झाकून सेकंद दुसऱ्याला मोजायला द्या.

थोडक्या साधनांत नेटकं काम कसं होतं ते बघायचं असेल तर डॉ. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला वेड्या राघूंवरचा अभ्यास शोधून वाचा. माणूस घरट्यापासून तेवढ्याच अंतरावर उभा, फक्त एका जागेवरून त्याला घरट्याचं तोंड दिसतं, दुसऱ्या जागेवरून नाही. दिसत असताना पक्षी घरट्यात शिरायला बिचकतात. मोजलं काय, तर घरट्यात शिरणं. माणसाला काय दिसतंय हे पक्षी हिशोबात धरतो का, हा एवढा मोठा मानसशास्त्रीय प्रश्न त्या साध्या मोजणीवर उभा आहे. आणि पक्ष्याचं नाव वेडा!

परवानग्या

महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे आधी अर्ज. मोर, वानर हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. लांबून बघा, हात लावणं, हुसकावणं, घरट्याशी जाणं नाही. राधानगरी अभयारण्यात गव्यांवर काम करायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि पहिल्या प्रकल्पाला तिकडे जाऊच नका. पिल्लं असलेल्या कुत्रीपासून दूर राहा. चावा किंवा ओरखडा झाला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, "आपलं ओळखीचं कुत्रं आहे" म्हणत घरी बसायचं नाही. दूध कट्ट्यावर गवळ्याला विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

मोजणीला बसताना

१९२ नोंदी म्हणजे १९२ कुत्री नव्हेत. सगळ्या नोंदी एकत्र संगणकात टाकून सार्थकता (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, याचा हिशोब) काढली की आकडा फार गोड येतो, आणि तोंडी परीक्षेत तिथंच धरतात. एका कुत्र्याच्या २४ नोंदी एकमेकींवर अवलंबून असतात. आधी प्रत्येक कुत्र्याचा एक आकडा काढा, समजा झोपेचं प्रमाण, मग आठ आकड्यांवर चाचणी लावा. आठ हाच तुमचा नमुना. तो लहान वाटला तर कुत्री वाढवा, नोंदी वाढवून उपयोग नाही.

अहवालात पद्धत लिहिताना इतकं द्या की दुसरं कोणीतरी उद्या त्याच कट्ट्यावर बसून तुमचं काम पुन्हा करू शकेल: किती प्राणी, कसे ओळखले, कोणती पद्धत, किती मिनिटांचं अंतर, एकूण किती तास, कप्पा किती, वर्तनसूची पूर्ण. मूळ कागद फेअर करून टाकून देऊ नका. फेअर करताना खाडाखोड जाते आणि तिच्याबरोबर 'हे झोप होतं की आडवं?' हा बाजूला लिहिलेला प्रश्नही जातो. परीक्षक मागतात ते हेच कागद, भेळेचे डाग असले तरी.